डावी

"ह्या कानाला ऐकू येतं का?"

प्रश्न भोपूने शोधला होता, टाचणीने त्यावर आइस्क्रीमची पैज लावली होती आणि तो विचारायचं काम माझं होतं. भोपू आणि टाचणी माझ्या वर्गातल्या. भोपू कुजबुजली तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते, आणि टाचणी का टाचणी ते तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कळतं. पैजेची अट अशी की प्रश्न केस वर बांधून विचारायचा, सगळ्यांना दिसेल असा. कारण मला डावा कान नाही. अगदीच नाही असं नाही. तिथे शेंगदाण्याएवढी एक मऊ गाठ आहे, जन्मापासूनची, आणि तिच्या आतली वाट बंद आहे. गेल्या वर्षापर्यंत मी त्या गाठीवर केसांचा पडदा सोडून चालायचे, वारा आला की मान तिरकी करायचे, फोटोत नेहमी उजव्या टोकाला उभी राहायचे. मग वादविवाद स्पर्धेत एकदा घामाघूम होऊन चिडले, समोरच्याचं म्हणणं खोडता खोडता केस गोळा करून वर बांधले, आणि काहीही झालं नाही. कुणी किंचाळलं नाही, छत पडलं नाही, आणि स्पर्धा मी जिंकले. तेव्हापासून मी जरा आगाऊ झालेय असं बाबा म्हणतात. मलाही तसंच वाटतं, आणि मजा येते.

तर शाळेने आम्हाला माझ्या आईच्याच संस्थेत नेलं होतं. आई तिथे कान वाढवते. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये. त्या दिवशी नेमकी तिची मीटिंग होती म्हणून माहिती द्यायला तिच्या हाताखालच्या एक ताई आल्या, त्यांच्या हातात सतत पेन, म्हणून लगेच पेनवाल्या ताई. त्यांनी फार छान सांगितलं. खरा कान करायचा तर आधी कानाच्या आकाराची जाळी बनवतात, आतून स्पंजसारखी. तिच्यात माणसाच्या पेशी सोडतात. पेशी वाढतात, स्वतःभोवती कूर्चा विणतात, म्हणजे कानाच्या आत जे वाकवलं तरी परत सरळ होतं ते; आणि तेवढ्यात ती जाळी हळूहळू विरघळत जाते. जाळी घाईने विरघळली तर कान कोसळतो. रेंगाळली तर आतल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही, त्या गुदमरतात. दोन्ही वेग जुळायला हवेत. दर वेळी खरं करून बघायचं तर महिनेच्या महिने जातात, म्हणून आधी गणिताने कॉम्प्युटरमध्ये वाढवून बघायचं. त्याला त्या लोकांच्या भाषेत रन लावणं म्हणतात. मोठ्या पडद्यावर एक राखाडी कान सावकाश फिरत होता. मी हात वर केला, केस वर होतेच, आणि प्रश्न विचारला. वर्ग हसला. विज्ञानाच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. पेनवाल्या ताई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, नाही, ऐकू येणार नाही, हा फक्त बाहेरचा आकार आहे, चारचौघांत दिसण्यापुरता. मग त्यांची नजर माझ्या गाठीवर गेली आणि त्यांचं पेन थांबलं.

मी पैज जिंकले होते. खाली बसायला हवं होतं. पण तेवढ्यात पडद्यावरच्या कानाने वळण घेतलं आणि वरची कड दिसली. कडेला जरा खाली एक बारीकशी खाच होती, नखाने दाबल्यासारखी, आणि खाचेच्या टोकाला एक वळ. माझा उजवा हात आपोआप माझ्या उजव्या कानावर गेला. तिथे तीच खाच आहे, तोच वळ. मी पहिलीत असताना डावीकडून सायकल आली, ती मला ऐकू आली नाही, मी उडाले आणि उजवा कान फुटपाथच्या कडेवर आपटला. पडद्यावर माझा कान होता. फक्त उलटा, आरशातला. मी विचारलं, आणि हा प्रश्न कुणाच्याही पैजेतला नव्हता, की हा कान कुणाचा आहे. ताई म्हणाल्या, कुणाचाच नाही, नमुन्याचा आहे, बहुतेक पुष्कळ जणांची सरासरी असेल, मी इथे यायच्या आधीपासून आहे. मग मुलांना गंमत वाटावी म्हणून त्यांनी पडद्याखालची एक पट्टी सरकवली आणि म्हणाल्या, बघा, आपण ह्याचं वय वाढवू शकतो. कान वीस वर्षांचा झाला, चाळीस, साठ. पाळी लोंबली, कड पातळ झाली, खाच तेवढी तशीच राहिली. ऐंशीला त्यांनी पट्टी थांबवली. भोपू म्हणाली, अय्या, आजीबाईचा कान. मी ज्या वयात असेन तेव्हा आई नसेल, त्या वयातला माझा कान मी शाळेच्या गणवेशात उभी राहून बघत होते. आणि पडद्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, फाइलचं नाव होतं: डावी.

टाचणीला मराठीत पैकीच्या पैकी मिळतात. ती लगेच म्हणाली, ताई, कान तो असतो, मग डावा पाहिजे ना. ताई म्हणाल्या, हो गं, आम्ही पण चिडवतो मॅडमना, पण त्या म्हणतात टाइप करताना चुकलं आणि मग सगळीकडे तेच पसरलं, आता कोण बदलत बसणार. मुलं दुसऱ्या खोलीत गेली. मी बाई होत्या म्हणून चालत राहिले. माझी आई पत्र्याच्या डब्यावरचं लेबलसुद्धा शुद्धलेखन तपासल्याशिवाय चिकटवत नाही. ती चुकून डावी लिहिणार नाही. आणि मग मला जेवणाची टेबलं आठवायला लागली, एकामागून एक, माझ्या लहानपणापासूनची. आई उशिरा यायची, हात धुवायची, बाबा विचारायचे, आज काय, आणि ती म्हणायची, कोसळली. किंवा म्हणायची, आज चौथ्या महिन्यापर्यंत राहिली गं बाई. बाबा तिला पाणी द्यायचे. मी पाय हलवत जेवायचे आणि मला वाटायचं जाळीबद्दल चाललंय, जाळी ती असते, कोसळली ती जाळी. इतकी वर्षं एक अख्खी मुलगी आमच्या टेबलावर कोसळत होती आणि मी व्याकरणाला फसून वाटी चाटत होते.

सांगायचं राहिलं, सोमवारी माझी वेळ घेतलेली होती. सर्जन माझ्या उजव्या कानामागून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढणार, त्यातल्या पेशी वाढवणार, आईचं गणित जुळलं की जाळीत सोडणार, आणि वर्षभराने तो कान मला लावणार. मी सहा महिन्यांपूर्वीच हो म्हटलं होतं, सहलीला हो म्हणावं तसं. आईने विचारलं, बाबांनी मान हलवली, मी म्हटलं चालेल. आई त्या दिवशी टेबल पुसत राहिली, पुसून झालेलं टेबल.

मुलं बसकडे निघाली तेव्हा मी बाईंना सांगून आईच्या खोलीवर गेले. मीटिंग संपली होती, किंवा नव्हतीच. आई खुर्चीवर होती, खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर, दोन पडदे, एका पडद्यावर आकड्यांचे रकाने सरकत होते. ती मला बघून उठली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. आमच्या घरात हे न सांगता होतं. सगळे माझ्या उजवीकडे येऊन बोलतात. पाहुण्यांना बाबा खांद्याला धरून फिरवतात, जणू फर्निचर हलवताहेत. शाळेतही मैत्रिणींना सवय झालीय. डावीकडे माझ्यासाठी जग नसतंच, एक जाड कापसाची भिंत असते, तिच्यावर डोकं टेकून मी मोठी झाले. आईच्या मांडीवर उजवा कान ठेवून झोपायचे तेव्हा तर दोन्ही दारं बंद. तरी तिचा आवाज यायचा, कानातून नाही, तिच्या हाडातून माझ्या हाडात, नुसती गुणगुण, शब्द नसलेली. मला वाटायचं सगळ्या आया अशाच गुणगुणतात. ती तेव्हा बोलायची हे मला फार उशिरा कळलं. काय बोलायची ते कधीच कळलं नाही.

मी विचारलं, "आई, डावी कोण?"

"फाइलचं नाव आहे गं ते."

"कान तो असतो."

आई हसली, मग हसू सांभाळता न आल्यासारखं तिने स्वेटर उचलून घडी घातली. ती म्हणाली की सुरुवात कानापासूनच झाली होती. मी आठ वर्षांची असताना तिने माझ्या उजव्या कानाचा स्कॅन केला आणि आरशात धरावा तसा उलटा केला, कारण डाव्याचा नमुना कुठून आणणार. नाव देताना डावा लिहिलं होतं. मग एके दिवशी डाव्याचं डावी झालं, आणि तिने ते तसंच ठेवलं. मी म्हटलं, आणि खाच. ती म्हणाली, खाच पुसायला पाच मिनिटं लागतात, त्या ताईने तीनदा सुचवलंय, दोष वाटतो म्हणून. "मी नाही पुसली. ती पुसली असती तर तू राहिली नसतीस त्यात."

मला त्या वाक्याने रडू यायला हवं होतं. त्याऐवजी माझं डोकं वादविवादासारखं चालायला लागलं, माझी ही खोड आहे. म्हटलं, खाच का पडली, कारण डावीकडून सायकल ऐकू आली नाही. म्हणजे डावी असती तर सायकल ऐकू आली असती, मी पडले नसते, खाच पडली नसती. ज्या मुलीचं सगळं शाबूत आहे तिच्या अंगावर, ती नसल्यामुळे झालेली जखम आहे. आई, तुझ्या मॉडेलमध्ये चूक आहे. हे मी मोठ्या रुबाबात म्हटलं. आई अगदी हळू, पण माझ्या उजव्या बाजूला, म्हणाली, "माहितेय. पण तिला काही होत नाही बघ. तू पडतेस, तापतेस, मोठी होतेस. ती कोसळली तर मी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करते."

त्यानंतरचे दिवस मी एकटी नव्हते. हे कसं सांगावं कळत नाही, कारण दिसायला काहीच घडलं नाही, मी शाळेत गेले, पैजेचं आइस्क्रीम खाल्लं, भोपूने माझ्याकडून काढून घेऊन सगळ्या वर्गाला सांगितलं की पडद्यावरचा कान हिचाच होता आणि आता हिला नवाकोरा कान मिळणार, आणि टाचणी म्हणाली, जुना परत द्यावा लागतो का. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. पण डावीकडची कापसाची भिंत होती तिथे आता कुणीतरी चालत होतं. रस्ता ओलांडताना मी नेहमी मान डावीकडे पूर्ण वळवते, डोळ्यांनी ऐकते. आता वळवली की वाटायचं, आत्ता इथे होती, माझ्या वळण्याच्या वेगाने मागे सरकली. लिफ्टच्या आरशात ती समोरच उभी असायची. आरशातल्या मुलीचा डावा कान शाबूत असतो, उजव्या जागी गाठ असते, हे मी इतकी वर्षं पाहत होते आणि कधी पाहिलं नव्हतं. आईने कान तिचा घेतला होता. मी जीभ दाखवली, तिनेही दाखवली, पण मला वाटलं तिने आधी दाखवली. बाबांच्या दुकानात तर नुसते आरसे. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि माझा चष्मा त्यांनी स्वतः केलाय, कारण चष्मा टेकायला दोन कान लागतात. माझ्या डाव्या काडीला त्यांनी मागे एक मऊ वाक दिलाय, तो गाठीखाली बरोबर बसतो. त्या वाकासाठी ते कितीतरी संध्याकाळी काडी गरम करून वाकवत, माझ्या डोक्याला लावत, पुन्हा गरम करत. मी त्यांना विचारलं की तुम्हाला डावी माहीत होती का. ते भिंगावर फुंकर मारून पुसत म्हणाले, नाव माहीत होतं. मग म्हणाले, तुझ्या आईला कुणाशी तरी बोलावं लागतं. मी म्हटलं, मी आहे ना. त्यावर बाबांनी एका गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावली.

आणि खोटं कशाला बोलू, मला ती हवीशी वाटत होती. शुक्रवारी आंघोळीनंतर मी डाव्या गाठीवर तळहाताची ओंजळ धरून बसले, तेवढा आकार, तेवढी सावली मानेवर. कानात डूल घातले तर दोन्हीकडे हलतील. फोटोत मी मधे उभी राहीन. एखादा मुलगा माझ्या डाव्या बाजूला बसला तर मी जागा बदलायला सांगताना त्याचा चेहरा बघावा लागणार नाही. म्हणजे बदलायला सांगावंच लागेल, ऐकू कुठे येणार आहे, पण त्याला कारण दिसणार नाही. इथे माझं गाडं अडायचं. दिसेल सगळं, ऐकू काही नाही. एक दार, सुंदर कोरलेलं, भिंतीवर लावलेलं. लोक त्या दाराशी येऊन बोलतील आणि मी उत्तर दिलं नाही की म्हणतील, गर्विष्ठ आहे. आत्ता निदान गाठ बघून आपोआप पलीकडे जातात. तरी मला हवं होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि दोन्हीच्या मधे ती बसली होती, माझ्यापेक्षा नीट, ऐंशी वर्षांपर्यंत पुढे जाऊन आलेली, घाई नसलेली.

शनिवारी संध्याकाळी आईने फोन केला की मला संस्थेच्या फाटकाशी भेट, चालत घरी येऊ. असं ती कधी करत नाही. ती फाटकातून आली ती जवळजवळ पळत. तिचे केस सुटले होते, चेहरा असा की मला पहिल्यांदा वाटलं कुणी गेलं. ती माझ्या उजव्या कानाशी म्हणाली, "टिकली. शेवटपर्यंत टिकली." कॉम्प्युटरमधली जाळी पूर्ण विरघळून गेली आणि कान उभा राहिला, कुठे खचला नाही, आत कुणी गुदमरलं नाही. मी तिला मिठी मारली आणि मला खरंच आनंद झाला, कारण इतकी वर्षं टेबलावर जे कोसळत होतं ते कोसळायचं थांबलं होतं. आम्ही चालायला लागलो. दुकानांचे दिवे लागत होते, पुढे एक म्हातारा माणूस कुत्र्याला ओढत होता, किंवा कुत्रा त्याला. आई बोलत होती. फाटक ते कोपरा ती माझ्या उजवीकडे होती. कोपऱ्यावर समोरून बांधकामाची गाडी आली, आम्ही बाजूला झालो, गाडी गेली, आणि पुन्हा चालायला लागलो तेव्हा आई माझ्या डावीकडे होती.

मी थांबले नाही. वाटलं आत्ता लक्षात येईल, आत्ता वळसा घालून येईल. तिच्या आयुष्यात ती कधी चुकलेली नाही. तापात, भांडणात, आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा ती आधी माझ्या उजवीकडे आली आणि मग रडली. आता ती डावीकडून चालत होती आणि बोलत होती, हात हलवत, मधेच हसत, मधेच डोळे पुसत. मी मान वळवून बघितलं. तिचे ओठ मला वाचता येतात, पण ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, ती माझ्या गाठीकडे बघत बोलत होती, गाठीच्या जराशी पलीकडे, जिथे कान असेल तिथे. इतक्या मायेने ती माझ्याशी कधी बोलली असेल तर ते मांडीवर, गुणगुण होऊन. मी हो म्हटलं नाही, हुं म्हटलं नाही, तिला काही कमी पडलं नाही. तिला उत्तरं मिळत असावीत. सबंध रस्ता मी दोघींच्या उजवीकडून एकटी चालत गेले. घराच्या दाराशी तिने किल्ली काढली आणि मग ती दचकली. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कुठून आपण कुठे उभ्या आहोत हे मोजल्यासारखं, आणि तिचा चेहरा उतरला. ती वळसा घालून उजवीकडे आली आणि विचारलं, भूक लागली का गं. मी म्हटलं, फार.

मला राग आला नाही, हे मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. भीती वाटली. सोमवारी तो तुकडा दिला की वर्षभराने डावी माझ्या डोक्याला येऊन चिकटणार, आणि आई आयुष्यभर माझ्या त्या बाजूने चालणार, तिथेच बोलणार, तिथल्याच उत्तरांवर खूश होणार. आणि मी इकडे, सायकली न ऐकू येणारी, एकदाच सुरू झालेली. मला पहिल्या दिवसापासून पुन्हा लावता येत नाही. तेवढ्यासाठी मी डूल, फोटो, मानेवरची सावली सगळं मनातल्या मनात उचलून एकेक खाली ठेवलं. सोपं नव्हतं. डूल शेवटी ठेवले.

रविवारी सकाळी बाबा वर्तमानपत्र उलटंसुलटं करत होते आणि आई चहात साखर ढवळत होती, तिला साखर चालत नाही तरी. दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं, उपाशीपोटी जायचं की नाही, असं दोघांचं चाललं होतं. मी खुर्ची उचलली आणि दोघांच्या समोर नेऊन ठेवली, मधोमध, म्हणजे कुणाला कुठल्या बाजूला यायचा प्रश्न नको. बाबा म्हणाले, आज कुठल्या विषयावर भाषण. मी म्हटलं, भाषण नाही, निर्णय आहे. आईचा चमचा थांबला. तिला कळलं होतं, मला वाटतं शनिवारी दाराशीच कळलं होतं.

"उद्या मी येणार नाही," मी म्हणाले. "उद्या नाही आणि नंतरही नाही. डॉक्टरांना फोन करून सांगा की मुलगी नाही म्हणाली. आणि कुठली मुलगी असं कुणी विचारलं, तर आई, तू सांगायचंस, आम्हाला एकच आहे."